काउन्सेलरकडे गेल्याचं रेकॉर्डवर येतं का?

"मुलगी तिकडे युनिव्हर्सिटीत काउन्सेलरकडे जाते म्हणे, हे तिच्या रेकॉर्डवर येईल का, उद्या व्हिसाला नोकरीला आडवं येईल का?" पुण्या-नाशिकच्या आईबाबांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये काम करते आणि ही भीती फक्त आपल्याच मुलांना असते असं अजिबात नाही, उलट सगळ्यात घट्ट बसलेली भीती मी चिनी विद्यार्थ्यांमध्ये पाहिलीये. त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते, म्हणजे उत्तर आपोआप येईल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि दोन-तीन जणींचं एकत्र केलंय.

ती हनान प्रांतातली, सेकंड इयरला, विषय स्टॅटिस्टिक्स. आमच्याकडे पहिल्या भेटीआधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात 'भेटीचं कारण' असा रकाना असतो, लोक तिथे झोप लागत नाही, घरची आठवण येते, ब्रेकअप असं काहीबाही लिहितात. हिने लिहिलं होतं, इंग्लिश व्होकॅब्युलरी. खोलीत आली ती एक चौकोनी रेघांची वही घेऊनच. पानावर दोन रकाने, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी. एनरोलमेंट, अटेंडन्स, ट्रान्स्क्रिप्ट, ट्रान्स्फर, स्टुडंट आयडी, डिसिप्लिनरी ॲक्शन. शाळेत असताना इंग्रजीच्या क्लासला 'शाळेचं रेकॉर्ड आणि विद्यार्थ्याची माहिती' असा एक शब्दांचा गट पाठ करून घेतला होता म्हणे, तो तिला अजून धडाधड म्हणता येत होता, स्पेलिंगसकट. आणि तरी पानाच्या खाली तीन शब्दांना लाल पेनने गोल केलेला होता, प्रोबेशन, होल्ड, परमनंट रेकॉर्ड. ते तिला आठवड्याभरात आलेल्या ईमेलमधले होते. ती म्हणाली, "टीचर, हे तीन शब्द समजावून सांगा, बाकी मला काही त्रास नाही."

चिनी मुलं ऑफिसातल्या कुणालाही टीचरच म्हणतात, त्यांच्याकडे लाओशी म्हणायची पद्धत आहे त्यामुळे. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती, आणि माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे, की मी काही टाइप करतेय का.

आता तिच्या जागी बसून बघा. चीनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची एक फाइल असते, दांग-आन म्हणतात तिला, जाड तपकिरी कागदाच्या पाकिटात सीलबंद. शाळेतले फॉर्म, मार्क, मेडिकल तपासणी, बक्षिसं, शिक्षा, युवक संघटनेचे कागद, सगळं त्यात जातं. हायस्कूलकडून विद्यापीठाकडे, विद्यापीठाकडून नोकरीच्या जागी नाहीतर सरकारी टॅलेंट सेंटरकडे ते पाकीट फिरतं, आणि ज्याची ती फाइल त्याने स्वतः ती उघडायची नाही. म्हणजे आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आपल्यालाच ठाऊक नाही. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो ना, तेवढ्या एका शब्दाचं आपल्याला किती टेन्शन असायचं आठवा, आणि इथे तर अख्खं पाकीट, तेही बंद. हे समजून न घेता "अगं काही होत नाही, घाबरू नकोस" असं म्हणणं मला क्रूर वाटतं.

दुसरी गोष्ट माझ्या दारावरच्या पाटीची. पाटीवर काउन्सेलर लिहिलंय. चीनच्या विद्यापीठांत फूदाओयुआन नावाचं एक पद असतं आणि इंग्रजीत त्यालाही काउन्सेलरच लिहितात. ही पद्धत १९५३ साली बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात सुरू झाली, आता नियमाप्रमाणे साधारण दोनशे मुलांमागे एक फूदाओयुआन लागतो. हॉस्टेल, रजा, स्कॉलरशिपची शिफारस, राजकीय शिक्षण, शिस्त सगळं त्यांच्याकडे, आणि मुलगा घसरतोय असं दिसलं की घरी फोनही तेच करतात. त्यातले खूपजण मनापासून मुलांची काळजी घेतात, रात्री-अपरात्री धावून जातात, ते मला चिनी विद्यार्थ्यांनीच सांगितलंय. पण त्यांना सांगितलेली गोष्ट ऑफिसला सांगितल्यासारखीच असते. मानसिक समुपदेशनाचे शिक्षक तिथे वेगळे असतात. पण ही मुलगी पाटी वाचून आत आली तेव्हा तिच्या डोक्यात फूदाओयुआनच होता, मग ती 'झोप लागत नाही' कशी लिहिणार?

तर आम्ही खरंच शब्दांपासून सुरुवात केली. आधी होल्ड. तिला वाटत होतं, काउन्सेलिंगची अपॉइंटमेंट घेतली आणि दुसऱ्याच दिवशी अकाउंटवर 'हेल्थ होल्ड' आला, म्हणजे आपण आजारी म्हणून नोंदलो गेलो. मी तिला तिचं पोर्टल तिच्याच फोनवर उघडायला सांगितलं, माझ्या कॉम्प्युटरवर नाही. होल्ड गोवराच्या लसीचा होता, दुसऱ्या डोसची नोंद नाही म्हणून पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन अडवून ठेवलेलं. आणि नोंद का नाही, तर तिच्या आडनावात चिनी उच्चाराचा तो दोन टिंबवाला यू आहे, पासपोर्टवर तो एल-वाय-यू असा येतो, पण गावच्या हॉस्पिटलने लसीच्या पुस्तिकेचं भाषांतर करून दिलं त्यात एल-व्ही असं टाइप केलेलं, कारण चिनी कीबोर्डवर तो यू व्ही दाबूनच येतो. त्यात पासपोर्टवर जोडून लिहिलेलं तिचं नाव कुणीतरी तोडून अर्धं मिडल नेममध्ये टाकलेलं. तारखाही त्यांच्या पद्धतीने वर्ष-महिना-दिवस अशा. थोडक्यात, कागद पोचला होता पण तो भलत्याच मुलीच्या नावाने पडून होता. एक ईमेल, पासपोर्टची कॉपी, आणि होल्ड निघाला. त्या दिवशी ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

मग प्रोबेशन, आणि हा खरा काटा होता. चीनमध्ये विद्यार्थ्याला होणाऱ्या शिक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, ताकीद, कडक ताकीद, गुन्ह्याची नोंद, मग विद्यापीठात ठेवून पाळतीखाली ठेवणं, आणि शेवटी नाव काढून टाकणं. चौथ्या पायरीला इंग्रजीत सर्रास प्रोबेशन लिहितात. वहीत उजव्या रकान्यात तिने तेच लिहिलेलं होतं, अगदी बारीक अक्षरात. म्हणजे ती आठवडाभर असं समजून जगत होती की आपल्याला हकालपट्टीच्या आधीची शिक्षा झालीये, कशाबद्दल ते माहीत नाही, आणि ती पाकिटात जाणार. जेवण बंद, झोप बंद, आईचा व्हीचॅटवर कॉल आला की कॅमेरा बंद.

आमच्याकडचं अकॅडमिक प्रोबेशन म्हणजे जीपीए, म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी, दोनच्या खाली गेला, पुढच्या सेमिस्टरला वर आणा, तोवर ॲडव्हायजरला भेटत रहा. शिस्तीचा काही संबंधच नाही. मुंबई-पुण्याच्या मुलांना मी सांगते, एटीकेटी लागल्यावर जशी पोटात कळ येते तेवढी येऊ दे, त्याहून जास्त नको. हिला मी विद्यापीठाच्या नियमावलीचं पान काढून दाखवलं, अकॅडमिक प्रोबेशन एका प्रकरणात आणि डिसिप्लिनरी प्रोबेशन दुसऱ्याच प्रकरणात, दोन्हींचं ऑफिस वेगळं. तिने ते पान दोनदा वाचलं आणि रडायला लागली. बराच वेळ रडली. नंतर आपणहून सांगितलं की जीपीए का पडला, आजी गेली होती, परीक्षेच्या तोंडावर, आणि घरच्यांनी तिला आठवडाभर कळवलंच नाही.

यानंतर आम्ही वहीत दोन रकाने वाढवले, 'हा कागद कोणाकडे असतो' आणि 'कोण बघू शकतं'. शब्दाचा अर्थ पाठ असून उपयोग नाही, तो कागद कुठल्या कपाटात आहे ते कळलं पाहिजे. ट्रान्स्क्रिप्ट रजिस्ट्रारकडे, त्यात कोर्स, क्रेडिट, ग्रेड, डिग्री, बस. काउन्सेलिंगला गेल्याचा एक शब्द त्यावर येत नाही. इमिग्रेशनचे कागद इंटरनॅशनल ऑफिसकडे. आमच्या नोट्स आमच्याच सिस्टीममध्ये, प्रोफेसर, डीन, ॲडव्हायजर कुणालाही त्या उघडता येत नाहीत. परमनंट रेकॉर्ड म्हणून तिच्या ईमेलमध्ये जे होतं ते ट्रान्स्क्रिप्टच, दुसरं काही नाही.

अमेरिकेत १९७४ पासून फर्पा नावाचा कायदा आहे, विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींसाठी. कॉलेजात गेल्यावर त्या नोंदींचा हक्क मुलाचा, आईबाबांचा नाही. मुलगा स्वतःची फाइल मागू शकतो आणि विद्यापीठाला ४५ दिवसांत ती दाखवावी लागते, हे ऐकून तिने मला तीनदा विचारलं, "मी स्वतः? माझी?" नाव, विषय, कुठल्या काळात शिकली अशी 'डिरेक्टरी' माहिती मात्र विद्यापीठ बाहेर देऊ शकतं, ती नको असेल तर फॉर्म भरून बंद करता येते, तो तिने त्याच संध्याकाळी भरला. आईवडील इथल्या टॅक्समध्ये मुलाला आपल्यावर अवलंबून दाखवत असतील तर कॉलेज त्यांना नोंदी दाखवू शकतं, पण हनानमधले किंवा नाशिकमधले आईबाबा अमेरिकेचा टॅक्स भरतच नाहीत, त्यामुळे ती वाट सहसा बंद. आणि उपचाराच्या नोट्स तर, उपचारापुरत्याच वापरल्या तर, या शैक्षणिक नोंदींमध्ये धरल्याच जात नाहीत.

सगळं गुप्त असतं असं मात्र मी कोणालाच सांगत नाही. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, लहान मुलाचा छळ होत असेल, किंवा कोर्टाचा आदेश आला, तर आम्हाला बोलावं लागतं. हे मी पहिल्याच भेटीत सांगते, आणि काही कॅम्पसवर हेल्थ सेंटर आणि काउन्सेलिंगची सिस्टीम एकच असते तेही विचारून घ्या म्हणते. बिल इन्शुरन्सला जातं का हेही विचारायचं, कारण पॉलिसी आईबाबांच्या नावावर असली तर त्याचं पत्र घरी जातं.

व्हिसाचा भाग जरा किचकट आहे. तिला चार कोर्स झेपत नव्हते, एक सोडायचा होता. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अंडरग्रॅज्युएटला सेमिस्टरला बारा क्रेडिट लागतातच, आणि मनानेच कोर्स ड्रॉप केला तर स्टेटस जाऊ शकतं. हे मी मोठ्या अक्षरात लिहीन, आधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी, मग ड्रॉप. तब्येतीच्या कारणाने कमी कोर्स घ्यायला परवानगी मिळते, परवानाधारक डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, एका डिग्रीच्या काळात मिळून बारा महिन्यांपर्यंत. आमच्या सायकॉलॉजिस्टने जे पत्र दिलं त्यात आजाराचं नाव नव्हतं, फक्त या सेमिस्टरला कमी कोर्स घेणं वैद्यकीय दृष्ट्या गरजेचं आहे एवढंच. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी सेविस सिस्टीममध्ये 'वैद्यकीय कारण' अशी नोंद होते, ते मी तिच्यापासून लपवलं नाही, पण ती अधिकृत परवानगीची नोंद आहे, गुन्ह्याची नाही. आणि व्हिसाच्या फॉर्मवर मानसिक आजाराचा जो प्रश्न असतो तो तुमच्यामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका आहे का असा असतो, काउन्सेलरकडे गेला होतात का असा नाही.

ते पत्र बाहेर पाठवण्याआधी तिची सही लागली, माहिती देण्याच्या संमतीच्या फॉर्मवर. मी कोरा फॉर्म तिच्यापुढे ठेवला, कोणाला द्यायचं, काय द्यायचं, कुठल्या तारखेपर्यंत, हे तिने स्वतः भरलं. 'काय द्यायचं' मध्ये तिने लिहिलं, फक्त पत्र. मग खोडून, फक्त हे एक पत्र. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. आदल्या आठवड्यात जी माझ्या कीबोर्डकडे धास्तीने बघत होती, ती आता फॉर्मवर अटी घालत होती.

ट्रान्स्क्रिप्टवर एक डब्ल्यू आला, म्हणजे कोर्स मधेच सोडला एवढंच, जीपीएमध्ये तो धरत नाहीत. पुढच्या सेमिस्टरला प्रोबेशन निघालं. आजीबद्दल बोलायला मात्र ती त्यानंतरही येत राहिली, आणि फॉर्मवर कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे तिने मला कधी विचारलं नाही. आईला तिने स्वतःच सांगितलं, सुट्टीत घरी गेल्यावर, आई आधी चिडली आणि मग रात्रभर दोघी आजीबद्दल बोलत बसल्या असं तिने सांगितलं.

आता ज्या आईबाबांनी विचारलं त्यांच्यासाठी. मुलाला "जाऊ नको, रेकॉर्ड खराब होईल" असं प्लीज सांगू नका, त्या एका वाक्यामुळे मुलं दोन-दोन सेमिस्टर एकटी कुढत बसतात आणि खरं रेकॉर्ड त्यानेच बिघडतं. त्याऐवजी पहिल्या भेटीत त्याला एवढं विचारू द्या: तुमच्या नोट्स कोण वाचू शकतं, कुठल्या परिस्थितीत तुम्ही बाहेर सांगाल, बिल कुठे जातं, आणि मला माझी फाइल बघता येईल का. इथल्या कुठल्याही बऱ्या काउन्सेलरला या प्रश्नांचा राग येत नाही. मुलगा भारतातच शिकत असेल तरी हेच विचारायला हरकत नाही, आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही उपचाराची गुप्तता आणि स्वतःच्या नोंदी बघणं हे दोन्ही हक्क दिलेले आहेत. आणि अगदी जिवावर बेतलंय असं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, अमेरिकेत ९८८ ही हेल्पलाइन आणि भारतात टेली-मानस १४४१६, दोन्ही नंबर आजच मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.