जुन्या टाटा बसच्या हेडलाइटचे सुटे भाग कोठे मिळतील?

जालन्यातील आपल्या जुन्या टाटा बससाठी हेडलाइटची काच, रिफ्लेक्टर आणि बाहेरची कडी हवी आहे, असे प्रश्नावरून दिसते. प्रथम काचेचा व्यास मोजावा. तो सुमारे १७८ मिलिमीटर, म्हणजे ७ इंच भरला, तर निम्मे काम झाले, कारण त्याच मापाचे गोल दिवे जीप आणि बुलेटलाही बसत असल्याने छत्रपती संभाजीनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ते मिळण्यास अडचण येऊ नये. मात्र गाडीची वायरिंग १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे पाहिल्याशिवाय बल्ब घेऊ नये. २४ वर १२ चा बल्ब लावताक्षणी उडतो. खरी दमछाक कडीसाठी होते. ती भंगारातच शोधावी लागेल, आणि जुनी कडी, गंजलेली का असेना, नमुन्यादाखल सोबत न्यावी.