फोटोतल्या अकरा दाढ्या

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि स्कॅन काल मिळाला. फरसबंदीवर उभी अकरा माणसं, सगळे दाढीवाले, सगळे काळ्या कोटात, आणि त्यातल्या चौघांची नावं तू लिहूनही टाकलीस. ती चारही नावं आज खोड. रागावू नकोस, तुझ्या वयात मी याहून मोठा घोळ घातलाय. एका फोटोतल्या भारदस्त गृहस्थांना मी बेधडक ‘रेब्बे’ म्हणजे हसिदी (ज्यूंमधल्या एका भक्तिमार्गी परंपरेचे) पंथगुरू करून टाकलं. वर्षभराने एका वृद्ध बाईंचं पत्र आलं: ते माझे वडील, लाकडाचा व्यापार करायचे. तोवर माझी ओळ तीन ठिकाणी उचलली गेली होती. एका ठिकाणी ती अजून तशीच आहे.

तू चेहऱ्यापासून सुरुवात केलीस, तिथेच गडबड झाली. दाढीखाली जबडा गेला, टोपीखाली कपाळ. उरतं काय? डोळे, नाक आणि कान. कानाशी कान जुळवून बघ. वयाबरोबर तो लांबतो, पण त्याची वळणं सहसा तीच राहतात. अर्थात कानापुढच्या केसांच्या बटा मध्ये आल्या नाहीत तर.

पण त्याही आधी फोटो सुलटा आहे ना ते बघ. हसिदी पुरुषांच्या लांब कोटाची उजवी बाजू डाव्या बाजूवर येते, इतर पुरुषांच्या कोटात नेमकं उलट असतं. तुझ्या स्कॅनमध्ये सगळ्यांची डावी बाजू वर दिसतेय. अकराच्या अकरा जण एकदम रीत सोडतील असं मला वाटत नाही. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली असणार. मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मोठी करून बघ, लगेच कळेल. तसं असेल तर ‘डावीकडून तिसरे’ म्हणून घरच्यांनी सांगितलेले आजोबा उजवीकडून तिसरे असू शकतात.

मग ठिकाण आणि साल. मारिएनबाद हा तुझा अंदाज मला पटतो. बोहेमियातल्या त्या गावी उन्हाळ्यात औषधी पाण्यासाठी पोलंड-हंगेरीकडचे रेब्बे येत, त्यांच्यामागे शिष्यांचा लवाजमा येई, आणि फोटोवाले टपलेलेच असत. मागे छापील मजकूर चेक भाषेत आहे म्हणतेस, तर फोटो बहुधा १९१८ नंतरचा, म्हणजे चेकोस्लोव्हाकिया झाल्यानंतरचा. पेन्सिलीने हिब्रू अक्षरं असतील तर त्यांची बेरीज कर: ताव, रेश, त्सादी, गिमेल म्हणजे ४००, २००, ९० आणि ३. हजाराचा आकडा लिहीत नाहीत, म्हणून वर्ष ५६९३. पण हे वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, त्यामुळे १९३२ चा शरद ऋतूही त्यातच आणि १९३३ चा उन्हाळाही.

साल हाती आलं की गाळणी लागते. तू ‘बेल्झचे रेब्बे’ लिहिलंस. कोणते? करवीरचे शंकराचार्य म्हटल्यावर कोणते असं विचारावं लागतं, तसंच हे. फरक एवढाच की इथे गादी बहुधा बापाकडून लेकाकडे जाते. इस्साखार दोव रोकेआख १९२६ मध्ये वारले, मग त्यांचे चिरंजीव अहरोन गादीवर आले. फोटो १९३० चा ठरला तर थोरले बाद. नावांनीही फसू नकोस. आपल्यासारखंच त्यांच्यातही दिवंगत आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. गेरचे अव्राहम मोर्देखाय आल्टर घे, त्यांच्या आजोबांचं नावही अव्राहम मोर्देखायच. शिवाय हेच गृहस्थ कुठे ‘गेरर रेब्बे’ म्हणून सापडतील, कुठे स्वतःच्या ग्रंथाच्या नावाने ‘इम्रे एमेस’ म्हणून, आणि गेर हे गाव पोलंडच्या नकाशावर गुरा काल्वारिया या नावाने.

कपड्यांवरून काढलेला तुझा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. आपल्याला हसिदी म्हणजे कुलाब्याच्या नरिमन हाऊसमुळे माहीत झालेले, काठाची हॅट घालणारे खबादवाले. बाकीचे पंथ तसे दिसतीलच असं नाही. गेरकडे सणावाराची फरची टोपी उंच, तिला स्पोदिक म्हणतात. गॅलिशिया (आजच्या पोलंड-युक्रेनमधला भाग) आणि हंगेरीकडे रुंद आणि बसकी, ती श्ट्राइमेल. ही टोपी मुख्यतः शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस), सण आणि लग्नाची, आणि शब्बाथला तर कॅमेऱ्याला हातही लावायचा नाही. (कोकणातले बेने इस्रायली ज्या दिवशी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ ठरले, तोच हा शनिवार.) म्हणून फोटोत फरच्या टोप्या दिसल्या की मी आधी लग्न शोधतो. तरी काही रेब्बे एरवीच्या खास दिवशीही फरची टोपी घालत, तेव्हा हा नुसता संशय धर.

रेब्बे मधोमध असतील असंही धरू नकोस. बाकीच्यांची अंगं कुठे वळलीत ते बघ. तुझ्या फोटोत कडेला काठी घेतलेले जे गृहस्थ चालता चालता तोंड फिरवतायत, त्यांच्याभोवती हातभर जागा मोकळी आहे. कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा मधला तरुण मला सेवक वाटतो. कितीतरी रेब्बेंना फोटो काढून घेणं आवडत नसे.

त्या काठीवाल्यांना तू मुंकाचचे खाइम एलाझार श्पिरा म्हटलंस. असतीलही. मार्च १९३३ मध्ये त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचं चित्रीकरण झालं, ते आजही बघता येतं. त्यात ते स्वतः बोलतात, अमेरिकेतल्या ज्यूंना शब्बाथ पाळा म्हणून बजावतात. चेहरा हलताना, बाजूने, समोरून, सगळीकडून दिसतो. ते चारदा बघ, आवाज बंद करून. त्यानंतरही खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेव, आणि पुढे कुणी ते काढा म्हणालं तर भांड. बोबोवचे रेब्बे बेन त्सियोन हाल्बरश्टाम १९४१ मध्ये ज्यूंच्या हत्याकांडात ल्व्होव्हला (आजचं युक्रेनमधलं ल्विव) मारले गेले. त्यांचं नाव निदान इतिहासात आहे. त्या शेजारच्या सेवकाचा कदाचित हा एकच फोटो उरला असेल, आणि त्याच्या तोंडावर आपण दुसऱ्याचं नाव चिकटवायचं?

आता एक काम कर. फोटोची मागची बाजू पुन्हा स्कॅन कर, पण त्याआधी बाजूने तिरका उजेड टाकून मोबाइलवर दोन-तीन फोटो घे. खालच्या कोपऱ्यात पेन्सिल खोडल्यासारखं काहीतरी दिसतंय, ते आधी मला पाठव.

तुझे,
सर