पळताना न बघता दाबता आलं पाहिजे

प्रश्न : मी रोज पहाटे तासभर पळते. मोबाइल कमरेच्या पट्ट्यात उड्या मारतो, हातात धरला तर वैताग येतो. फक्त गाण्यांसाठी छोटा एमपीथ्री प्लेअर घ्यायचा आहे. काय बघून घ्यावा? – वाचक, सातारा

उत्तर : आधी बटणं बघा, जीबी नंतर. टचस्क्रीनचा प्लेअर दिसायला छान, पण घामेजलेल्या बोटाला तो नीट दाद देत नाही आणि घामाचा थेंब पडला तर बोट समजून गाणं बदलतो. उठावदार, एकमेकांपासून लांब असलेली बटणं हवीत. दुकानात प्लेअर खिशात घाला आणि न बघता आवाज कमी करून दाखवा, पुढचं गाणं लावून दाखवा. जमलं नाही तर तो तुमच्या कामाचा नाही. बटणं बंद ठेवणारं ‘होल्ड’ही असावं, नाहीतर कपड्याच्या घर्षणानेच गाणी पुढे पळतात.

मग क्लिप. आत धातूची स्प्रिंग असलेली घ्या; सलग प्लास्टिकची क्लिप काही महिन्यांत सैल पडते किंवा मुळाशीच तुटते. टी-शर्टच्या काठाला लावून तिथेच दहा उड्या मारा. दुकानदार बघेल, बघू दे. वजन ३० ग्रॅमच्या आत असलं की काठ ओढला जात नाही.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएसच्या (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती; आकडा मोठा तितका आवाजाचा दर्जा वरचा) गाण्याला मिनिटाला साधारण १ एमबी लागते, ३२० केबीपीएसला जवळपास अडीच. ८ जीबीच्या प्लेअरमध्ये प्रत्यक्ष वापरायला ७ जीबी मिळाले असं धरलं, तर पाच मिनिटांची १२८ची सुमारे १,४०० गाणी मावतात. रस्त्यावर पळताना या दोन दर्जांतला फरक वाऱ्यात आणि पावलांच्या आवाजात बुडून जातो, त्यामुळे ३२०चा हट्ट नको. मेमरी कार्ड घालायचं असेल तर ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि बरेच स्वस्त प्लेअर ती वाचत नाहीत.

पहाटेच्या अंधारात रस्त्यावर पळत असाल, तर रहदारीकडचा कान मोकळा ठेवा. वायरचा इअरफोन असेल तर वायर टी-शर्टच्या आतून घ्या. हाताचा हिसका बसून खराब होते ती बहुधा पिनेजवळच.

प्रश्न : जुना आयपॉड शफल स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? – वाचक, डोंबिवली

उत्तर : व्यायामासाठी ॲपलचा हा छोटा प्लेअर अफलातून होता. २०१० साली आलेला चौथ्या पिढीचा शफल अवघा १२.५ ग्रॅमचा, क्लिपवाला, खऱ्या बटणांचा. पण ॲपलने तो २०१७ मध्ये बंद केला, म्हणजे तुमच्या हाती येणारी बॅटरी बरीच जुनी असणार. नवेपणी १५ तास चालायचा. आता किती चालतो ते समोर लावून बघा. ‘सील पॅक’ म्हणून भुलू नका. लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, पूर्ण उतरलेली वर्षानुवर्षं पडली तर मरतेच. शिवाय चार्जिंग इअरफोनच्या भोकातूनच होतं, त्याची खास केबल लागते. ती नसेल तर सौदा तिथेच सोडा. पेनड्राइव्हसारखी गाणी नुसती कॉपी करूनही वाजत नाहीत, संगणकावर आयट्यून्ससारखं ॲपलचं सॉफ्टवेअर लागतं.

प्रश्न : नव्या प्लेअरमध्ये मराठी गाण्यांच्या नावाजागी चौकोन दिसतात आणि क्रमही वाटेल तसा लागतो. प्लेअर बिघडला आहे का? – वाचक, नाशिक

उत्तर : नाही. त्यात देवनागरी फाँट नाही, एवढंच. फाइलचं नाव रोमनमध्ये केलं तरी चौकोन राहिले, तर पडद्यावर दिसतंय ते फाइलीच्या आतलं शीर्षक. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथे ‘टायटल’ बदला.

क्रमाचं कारण वेगळं. बरेच स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे नाही, तर ज्या क्रमाने फाइली भरल्या त्या क्रमाने वाजवतात. नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे इंग्रजी आकडे द्या, फोल्डर पूर्ण रिकामा करा आणि नावाच्या क्रमाने लावलेल्या फाइली सगळ्या निवडून पहिल्या फाइलीला धरून ओढा. भलत्याच फाइलीला धरलंत तर कॉपी तिथून सुरू होते आणि पुन्हा घोळ. संथ गाणी आधी वॉर्मअपला आणि मग शेवटी हवी असतील तर एवढी खटपट करावीच लागते.

गाण्यांच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी मात्र अशी भरता येत नाहीत; त्या फाइली कुलूपबंद असतात, त्याच ॲपमध्ये उघडतात. विकत घेतलेल्या एमपीथ्री किंवा घरच्या सीडीवरून संगणकात घेतलेली गाणीच चालतात.

प्रश्न : पोहताना ब्लूटूथ इअरफोन चालेल का? त्यावर आयपीएक्स७ लिहिलंय. – वाचक, ठाणे

उत्तर : पाणी कदाचित आत जाणार नाही, पण गाणंही येणार नाही. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. डोकं पाण्याखाली गेलं की आवाज तुटतो. आयपीएक्स७ची चाचणीही १ मीटर खोल, साध्या, स्थिर पाण्यात ३० मिनिटांची असते. त्यात क्लोरीन नाही, हात मारल्यावर बसणारा पाण्याचा दाबही नाही. तुम्हाला आतच गाणी साठवणारा, पोहण्यासाठी म्हणून विकला जाणारा हेडफोन हवा. हाडांतून आवाज पोचवणारा प्रकार चांगला. त्यासोबत कानात बोळे घातले की आवाज उलट जास्त भरीव लागतो. पोहून झाल्यावर नळाच्या साध्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगच्या धातूच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय केबल जोडू नका. ओल्या पिनांतून वीज गेली की त्या झपाट्याने गंजतात, आणि मग चार्जिंगच होत नाही.