हंबकरचं रंगीत बॉबिन मेणात का उघडतं, आणि त्यावर उपाय

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात घरीच इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबक आणि कॉइलची जोडणी) वाइंड करता, हस्तकलेच्या (क्राफ्टच्या) इपॉक्सी रेझिनमध्ये हळदी पिवळ्या रंगाची स्ट्रॅटची (एका कॉइलच्या पिकअपची) कव्हरं आणि हंबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) बॉबिनं, म्हणजे तार गुंडाळायची रिळं, ओतलीत, आणि मेणात बुडवल्यावर बॉबिनच्या कडा उघडून तार बाहेर आली. रंग जास्त पडला का, असं विचारलंय.

रंगाचा यात दोष नाही. क्राफ्टचं इपॉक्सी साधारण ४५ ते ५५ अंशांना मऊ पडायला लागतं. पॉटिंगचं, म्हणजे कॉइल बुडवायचं मेण (पॅराफिन ८० टक्के, मधमाशीचं मेण २० टक्के) ६० ते ६५ अंशांवर ठेवावं लागतं. त्यात हंबकरच्या एका बॉबिनवर ५,००० च्या आसपास वेढे असतात. एका वेढ्याचा ताण नगण्य, पण सगळे मिळून गाभा आवळतात आणि दोन्ही कडा बाहेर ढकलतात. रेझिन थंड असेपर्यंत हा दाब सोसतं, गरम झालं की सोडून देतं.

त्यामुळे रंग निवडायच्या आधी प्रत्येक भागाबद्दल दोनच गोष्टी पाहायच्या: तो मेणात जाणार का, आणि तारेचा दाब त्याच्यावर येणार का. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलच्या कव्हरला दोन्हीतलं काहीच लागू होत नाही. कॉइल एकटी मेणात बुडवा, थंड झाली की पुसा आणि कव्हर नंतर चढवा. ते सैल वाटलं तर आतून दोन थेंब मेण पुरे. म्हणजे तुमची कव्हरं फुकट गेलेली नाहीत, ती वापरा. बॉबिनला मात्र दोन्ही गोष्टी लागू होतात.

बॉबिनसाठी माझं स्पष्ट मत: ओतत बसू नका, तयार पांढरं किंवा क्रीम बॉबिन घेऊन डाय करा, म्हणजे गरम पाण्यात रंगवा. मापं बरोबर येतात आणि प्लास्टिक मेणाला टिकतं. आधी प्लास्टिक कुठलं ते ओळखायचं. साध्या पाण्यात तरंगलं तर पॉलिप्रोपिलीन, त्याला कुठलाच डाय चढत नाही. बुडालं तर एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. एबीएस तरंगतं, नायलॉन बुडतं. भागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने काढा, नाहीतर निकाल चुकतो.

एबीएसला डिस्पर्स डाय लागतो, म्हणजे पॉलिस्टर कापडाचा. इचलकरंजीत प्रोसेसिंगवाल्यांना रंग पुरवणाऱ्या दुकानांत सुटा मिळतो का ते विचारा. एक लिटर पाणी, ४ ते ५ ग्रॅम डाय, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. पाणी ७५ ते ८० अंशांवर धरायचं. उकळी येऊ द्यायची नाही, कारण एबीएस शंभरीच्या आसपास मऊ पडतं आणि बॉबिनला पीळ बसतो. भाग तांब्याच्या तारेला टांगून सतत हलवत ठेवा आणि दर पाच मिनिटांनी काढून बघा. हलक्या छटेला दहा मिनिटं पुरतात, गडदला अर्धा तास लागू शकतो. पाण्यातून काढल्यावर दिसणारा रंगच वाळल्यावर राहतो. डाग पडले तर बहुधा कारखान्यातलं मोल्ड रिलीज (भाग साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर) धुतलेलं नसतं. आधी साबण आणि ब्रशने धुवा, थिनर लावू नका. नायलॉनला ॲसिड डाय आणि ५० मिली व्हिनेगर, बाकी कृती तीच. हे पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही.

पारंपरिक स्ट्रॅट पिकअपला प्लास्टिकचं बॉबिन नसतं, मॅग्नेट दोन फायबर पट्ट्यांत दाबून बसवलेले असतात. वरची साधारण १.६ मिमी, खालची २.४ मिमी. व्हल्कनाइज्ड फायबर मुळात कापसाचं, त्यामुळे रंग फार सुंदर पितं. दुकानात नीट सांगून घ्या, कारण बऱ्याचदा हायलम (फेनॉलिक लॅमिनेटची पट्टी) हातात पडते आणि तिच्यात रंग मुरत नाही. पाण्यातला डाय टाळा, फायबर फुगून वाकतं. स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय घ्या, दोन्ही बाजूंना लावा आणि पट्ट्या वजनाखाली वाळवा. मॅग्नेट त्यानंतर दाबायचे. वर चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्या, मिरजेत सतार-तंबोऱ्याला देतात तसाच. रंग पक्का बसतो, आणि मॅग्नेटवरही हात फिरवला तर तारेचं इनॅमल थेट धातूला घासत नाही. मात्र चपडा लावल्यावर मेण ६२ अंशांच्या वर नेऊ नका, आणि तो भाग स्पिरिटने पुसू नका.

लेझरने कापलेल्या रंगीत ॲक्रिलिकच्या पट्ट्याही चालतात, पण त्यात मॅग्नेट ठोकून बसवला की भोकापासून चीर जाते. भोक मॅग्नेट सहज सरकेल एवढं ठेवून इपॉक्सीने चिकटवा. स्पिरिटचा बोळा तिथे अजिबात नको, लेझरच्या कडेला जाळीदार तडे पडतात.

आता कव्हर ओतण्याबद्दल. त्यासाठी आधी सिलिकॉनचा दोन अर्ध्यांचा साचा लागतो. मूळ कव्हरला १० मिमी मोकळी जागा सगळीकडून ठेवली तर पेटी ९० × ४० × ३५ मिमीची होते आणि दोन्ही अर्ध्यांना मिळून १५० ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन लागतं. पहिला अर्धा जमला की त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचाच. सिलिकॉन दुसऱ्या कशाला चिकटत नाही, पण सिलिकॉनला घट्ट चिकटतं. प्लॅटिनम सिलिकॉन वापरत असाल तर गंधक असलेली माती, लॅटेक्सचे हातमोजे आणि थ्रीडी प्रिंटरवरचं ताजं रेझिन प्रिंट लांब ठेवा, स्पर्शाची जागा चिकटच राहते. टिन सिलिकॉनला हा त्रास नाही, पण ते आकसतं. ०.४ टक्के आकसलं तर ५० मिमीच्या पोल (तारांखालचे चुंबक) अंतरात ०.२ मिमी गेले, रेझिनचं आकसणं वेगळं. म्हणून कव्हर भोकांशिवाय ओता आणि भोकं नंतर जिग (भोकांच्या जागा ठरवणारी पट्टी) लावून पाडा. तसा पोलादी जिग कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या टूलरूममध्ये करून घेता येईल.

रेझिन ३० ग्रॅमपेक्षा कमी कालवू नका. २:१ प्रमाणाच्या १० ग्रॅम मिश्रणात हार्डनर ३.३ ग्रॅमच असतो, तिथे ०.२ ग्रॅमची चूक म्हणजे सहा टक्के, आणि पृष्ठभाग चिकट राहू शकतो. ०.०१ ग्रॅमचा सोनाराचा काटा घ्या. तिन्ही कव्हरांचा रंग सारखा हवा असेल तर पिगमेंट आधी सगळ्या रेझिनमध्ये कालवा, मग वाटे करून हार्डनर घाला. पिगमेंट २ टक्के, म्हणजे ३० ग्रॅमला ०.६ ग्रॅम. त्यात रंग भरत नसेल तर पिगमेंट बदला, प्रमाण वाढवू नका. थंडीच्या रात्री रेझिन घट्ट होऊन फुगे अडकतात, तेव्हा बाटली ३०-३५ अंशांच्या पाण्यात ठेवा. पावसाळ्यात पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो साबणाने जातो.

हळदी रंगासाठी खरी हळद घालायचा मोह सांगलीकडे कुणालाही होईल. घालू नका. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तसंच क्षारधर्मी हार्डनरने ती लालसर होते, आणि उरलेला पिवळा उजेडात उडतो. रांगोळीचा रंग भरड असतो, ॲक्रिलिक रंगात पाणी असतं. फरशीच्या कामाचा काळा ऑक्साइड चुंबकाला ओढला जातो, कॉइलच्या इतक्या जवळ तो नको. कुठलीही पूड कागदावर घेऊन खाली मॅग्नेट फिरवा, हलली तर बाजूला ठेवा. चमक हवी तर माइका (अभ्रकाची पूड) घ्या. तो तळाशी बसतो, म्हणून कव्हर पालथं ओतलं की चमक दर्शनी बाजूला येते. तांब्याची पट्टी किंवा धातूचा मुलामा कव्हरभर सलग नको, त्यात एडी करंट (धातूत गोल फिरणारा प्रवाह) फिरून ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा भाग, कमी होतो.

तरीही बॉबिन ओतायचंच असेल तर डेटाशीटवर एचडीटी (भाराखाली भाग वाकायला लागतो ते तापमान) किमान ८० अंश असलेलं रेझिन घ्या आणि भाग साच्यातच ५०, ६० आणि ७० अंशांवर दोन-दोन तास शिजवा. क्राफ्टच्या इपॉक्सीला याने थोडाच फरक पडतो, त्याची मर्यादा त्याच्या रसायनातच आहे. वाइंड करताना गाभ्यात पोल किंवा पट्टी भरलेली ठेवा आणि दोन्ही कडांना बाहेरून टेकू द्या. पॉलियुरेथेन चालतं, पण ओलसर हवेत फसफसतं, आणि फुगे दाबायला ४० पीएसआयचा प्रेशर पॉट लागतो. त्यासाठी घरातला कुकर कधीही वापरू नका, तो साधारण १५ पीएसआयचा असतो आणि हवा भरायला बनवलेलाच नाही.

विकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: दोन्ही बॉबिनं क्रीम असलेल्या हंबकरच्या रूपावर अमेरिकेत दिमार्झिओ कंपनीचा ट्रेडमार्क आहे. तुमचा पिवळा त्यात येत नाही, पण छटा फिकी करत क्रीमकडे नेऊ नका.

तुमच्या रेझिनच्या डेटाशीटवर एचडीटी किंवा टीजी (रेझिन कडकपणा सोडून मऊ पडतं ते तापमान) काय लिहिलंय ते कळवा. उरलेली बॉबिनं मेणाऐवजी चपड्यात बुडवून वाचतील का, ते त्यावरून सांगता येईल.