विद्यापीठाच्या कोर्समधून प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं बेसिक खरंच शिकता येतं का? कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की परभणीला एमबीएला आहात, या सेमिस्टरला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर आहे, नोट्स पाठ होतात पण डोक्यात काही बसत नाही, आणि शेवटी विचारलंय की आधी सॉफ्टवेअर शिकू का पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या मागं लागू. मी हाच विषय लातूरला शिकलो आणि आता बांधकामाच्या साईटवर प्लॅनिंगचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, शिकता येतं. पण कोर्समधली एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. पेपरात जे नेटवर्कचं, म्हणजे कोणत्या कामामागं कोणतं काम याच्या आकृतीचं गणित येतं त्यात टेबल तयार दिलेलं असतं, कोणतं काम, त्याच्या आधी कोणतं काम संपलं पाहिजे, आणि किती दिवस. आपण फक्त गोल काढायचे, बाण काढायचे, फॉरवर्ड पास, बॅकवर्ड पास म्हणजे पुढून आणि मागून दिवस मोजायचे, क्रिटिकल पाथ म्हणजे सगळ्यात जास्त दिवसांची वाट लाल पेननं गडद केली की झाले मार्क. आमच्याकडं लातूर पॅटर्नची सवय, एकाच टाईपची पन्नास गणितं सोडवायची, तशी मी पण सोडवली आणि मार्क पण चांगले पडले. पण साईटवर गेल्यावर कळलं की ते टेबल कुणीच आणून देत नाही, ते टेबल बनवणं हेच तर खरं काम आहे, आणि त्यातला मधला रकाना, म्हणजे 'याच्या आधी काय', हा सगळ्यात अवघड. दिवस चुकले तर थोडं इकडं तिकडं होतं, पण मधला रकाना चुकला की सगळा आराखडाच चुकतो.

हे मला कॉलेजात असतानाच कळलं ते मामाच्या शेततळ्यामुळं. सरांनी मिनी प्रोजेक्ट दिला होता, कोणतंही खरं काम घ्या आणि त्याचं प्लॅनिंग करून दाखवा. बहुतेक ग्रुपनी इकडून तिकडून रिपोर्ट जमवले, आमच्या ग्रुपनं औसा तालुक्यातलं मामाचं शेततळं घेतलं कारण ते त्या उन्हाळ्यात होणारच होतं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. कडा उतरत्या असल्यानं साधारण दोन हजार घनमीटरचा खड्डा होतो, म्हणजे २० लाख लिटर पाणी.

आम्ही पाटीलकी थाटात टेबल बनवलं. जागेची आखणी २ दिवस. पोकलेन ठरवून शेतात आणणं ४ दिवस, हे आखणीसोबतच चालेल. या दोन्हीनंतर खोदकाम ६ दिवस. त्यानंतर कडा घासून पुसून गुळगुळीत करणं, दगड-मुळ्या काढणं ३ दिवस, नाहीतर कागद फाटतो. कागदाची ऑर्डर देऊन तो येईपर्यंत १२ दिवस, आणि आमच्या मते आखणी झाली की माप कळतंय म्हणजे ऑर्डर लगेच देता येईल. शेवटी कागद अंथरून कडेच्या चरात दाबणं २ दिवस. आता जोडून बघा, खोदकामाची वाट ४ अधिक ६ अधिक ३ म्हणजे १३ दिवस, कागदाची वाट २ अधिक १२ म्हणजे १४ दिवस, मग अंथरायचे २, एकूण १६. क्रिटिकल पाथ कागदाचा, आणि खोदकामाच्या बाजूला एक दिवसाचा फ्लोट, म्हणजे तेवढा उशीर झाला तरी चालतो. २० मेला सुरू केलं तर ४ जूनला काम खतम, आणि आमच्याकडं पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या नंतरच येतो, त्यामुळं सगळे निवांत.

मग मामा कागदाच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणला, "आवो, खड्डा झाल्याबिगर माप कसं घ्यायचं? पोकलेनवाला हातभर जादा खोदतो, कडा तिरक्या होत्यात, कागद कमी पडला तर जोड कोण देणार?" म्हणजे कागदाची ऑर्डर आखणीनंतर नाही, कडा घासून झाल्यानंतर. एका रकान्यातलं एक नाव बदललं. आता वाट झाली ४ अधिक ६ अधिक ३ अधिक १२ अधिक २, म्हणजे २७ दिवस. कोणी आळस केला नाही, कोणतंही काम लांबलं नाही, नुसती अवलंबित्वाची चूक आणि ११ दिवस गेले. त्यात पोकलेन शेतात आलंच आहे तर बांधावरचा रस्ता पण सपाट करून घेऊ असं मामाला वाटलं, त्यात एक दिवस अजून गेला आणि भाड्याचे पैसे वेगळे. ठरलेल्या कामात असं हळूच काम वाढत जाणं, पुस्तकात याला स्कोप क्रीप म्हणतात आणि मी त्याची व्याख्या आदल्याच महिन्यात पाठ केली होती, पण डोळ्यासमोर होत असताना मला ओळखता आलं नाही.

११ जूनच्या रात्री पाऊस झाला. कागद यायचा होता, खड्डा तसाच उघडा. काळी माती, तुम्हाला सांगायला नको, सकाळी आत गुडघाभर पाणी आणि घासून गुळगुळीत केलेल्या कडा जागोजागी ढासळलेल्या. इंजिन लावून पाणी काढलं, वाळायची वाट बघितली, कडा परत घासल्या. मामा आम्हाला एक शब्द पण बोलले नाहीत, उलट सगळ्यांना जेवू घातलं, पण मला आजही त्या खड्ड्याची आठवण आली की वाईट वाटतं, कारण दुकानदाराला एक फोन २० मेच्या आधी करता आला असता.

म्हणून बेसिक म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो, काम करणाऱ्या माणसाला विचारणं. पोकलेनवाल्याला, दुकानदाराला, गवंड्याला, सॉफ्टवेअरचं असेल तर टेस्टिंग करणाऱ्याला. "तुझं काम सुरू करायला तुला माझ्याकडून काय लागतं?" एवढा एकच प्रश्न. त्याच्या उत्तरातून मधला रकाना भरतो, घरात बसून भरत नाही.

आता सिलॅबसचं. सगळ्यात आधी डब्ल्यूबीएस नीट शिका, म्हणजे मोठं काम फोडून लहान लहान तुकडे करणं. नियम एवढाच की सगळे तुकडे परत जोडले तर पूर्ण काम झालं पाहिजे, त्यात काही राहायला नको आणि बाहेरचं काही घुसायला नको. आम्ही सुरुवातीलाच लिहून ठेवायला पाहिजे होतं की कुंपण यात नाही, बांधाचा रस्ता यात नाही. 'काय करणार नाही' हे लिहायला लोक लाजतात पण भांडणं त्याच्यावरूनच होतात.

सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड) आणि पर्ट या आराखडा काढायच्या दोन पद्धतींमध्ये सगळे गोंधळतात, तर ते कुठून आले हे लक्षात ठेवलं की फरक आपोआप कळतो. सीपीएम १९५७ च्या आसपास ड्युपाँट या केमिकल कंपनीच्या कामातून आलं, तिथं प्लँट उभारणं, बंद करून दुरुस्ती करणं ही कामं परत परत होणारी, त्यामुळं किती दिवस लागतील हे बऱ्यापैकी माहीत असायचं, प्रश्न असा की जास्त पैसे घालून दिवस कमी करता येतील का. पर्ट १९५८ ला अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी आलं, ते काम आधी कोणी केलेलंच नव्हतं, म्हणून एका आकड्याऐवजी तीन आकडे घेतात. आमच्या कागदाचंच घ्या. सगळं नीट झालं तर ८ दिवस, बहुतेक वेळा १२, आणि गाडी अडकली, माल संपला तर २२. सूत्र लावा, ८ अधिक ४ गुणिले १२ अधिक २२, भागिले ६, उत्तर १३ येतं. उत्तरात फक्त एकच दिवस वाढला, पण २२ हा आकडा तोंडातून निघाला की माणूस विचारतो 'आणि २२ लागले तर काय करायचं?' आणि रिस्कचं प्लॅनिंग तिथून सुरू होतं. गँट चार्टला, म्हणजे तारखांवर कामांच्या आडव्या पट्ट्या काढायला, एक तास पुरे, त्यावर जास्त वेळ घालवू नका. अर्न्ड व्हॅल्यूला मात्र वेळ द्या, पुढं नोकरीत रोज लागतं, नुसते पैसे किती खर्च झाले हे बघून काही कळत नाही, त्या पैशात काम किती झालं ते बघावं लागतं. अजाईलचे, म्हणजे थोडं थोडं काम करून दाखवत जायच्या पद्धतीचे, चार मुद्दे पेपरापुरते करा, २००१ ला १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी जाहीरनामा काढला तिथून ते पसरलं, आयटीत गेलात तर तिथं शिकालच.

सरावासाठी आपल्याकडचंच उदाहरण सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तुम्हाला आठवत असेल. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणी (मालगाडीचे टाकीवाले डबे), साधारण ५ लाख लिटर, पुढं ५० वाघिणींची गाडी झाली आणि एका फेरीला २५ लाख लिटर. म्हणजे मामाच्या पूर्ण भरलेल्या शेततळ्यापेक्षा थोडं जास्त. आम्ही तेव्हा घागरी घेऊन टँकरची वाट बघायचो, पण त्यामागं किती कामं एकमेकांना बांधलेली होती हे मला फार नंतर उमगलं. वाघिणी तेल वाहून नेणाऱ्या, त्या आधी राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं साफ करून घेतल्या. मिरजेला पाणी शुद्ध करून वाघिणीपर्यंत आणायचं. रेल्वेला मार्ग मोकळा हवा. लातूरला गाडी रिकामी करायची, ते पाणी साठवायचं, परत शुद्ध करायचं, मग टँकरनं वाटायचं. कागद घ्या आणि याचं टेबल स्वतः बनवा. मग स्वतःला विचारा की फेऱ्या वाढवायच्या असतील तर कुठं हात घालाल, गाडी जोरात पळवून उपयोग आहे का वाघिणी भरायला आणि रिकाम्या करायला लागणारा वेळ कमी करावा लागेल. हे एकदा केलं की क्रिटिकल पाथ परत कधी पाठ करावा लागणार नाही.

सॉफ्टवेअर आत्ता नको. पहिली दोन-तीन टेबलं वहीत पेन्सिलनं करा, कारण सॉफ्टवेअर चुकीच्या मधल्या रकान्यावरून पण एकदम देखणा चार्ट काढून देतं आणि तो बघून आपल्याला वाटतं बरोबर आहे. त्यानंतर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे, त्यात तेच टेबल टाकून बघा. मग एमएस प्रोजेक्ट आठवड्यात हातात बसतं. वर्गातलं कमी पडत असेल तर स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची लेक्चर फुकट आहेत, रात्री एक एक बघा.

पीएमपीचा विचार सध्या सोडून द्या, त्याला पदवीसोबत प्रोजेक्ट सांभाळल्याचा काही वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. नवीन माणसासाठी पीएमपी देणाऱ्याच संस्थेची सीएपीएम परीक्षा आहे, तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रशिक्षण लागतं. पण फी डॉलरमध्ये असते, घरच्यांचे पैसे आहेत, नोकरी लागल्यावर कंपनी भरते का ते बघून मग करा.

आणि मिनी प्रोजेक्ट असेल तर रिपोर्ट विकत घेऊ नका हो. गावात कोणाचं ना कोणाचं बोअर, शेड, लग्न, काहीतरी चालूच असतं, तिथं जाऊन बसा. काम सुरू व्हायच्या आधी तुमचा अंदाज तारखेसकट पेन्सिलनं लिहा, नंतर शाईनं खरी तारीख त्याच्या शेजारी लिहा. पेन्सिलचा अंदाज खोडू नका.