परस्पर बदललेला गिअर बॉक्स आणि अडवून ठेवलेली व्हॅन

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची, १६०० सीसी इंजिनाची फोक्सवॅगन टाइप-२ व्हॅन असून तिची व्हिंटेज वाहन म्हणून व्हीए मालिकेत नोंदणी झालेली आहे. दुसरा गिअर चालता चालता सुटू लागला, म्हणून ती गॅरेजमध्ये दिली. जॉब कार्डावर ‘गिअर बॉक्स उघडून दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग बदलणे’ (म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी बदलणे) एवढेच काम लिहिले होते. मालकाने मला न विचारता दुसऱ्या गाडीचा जुना गिअर बॉक्स बसवला. तो तिसऱ्या गिअरमध्ये घरघरतो आणि त्यातून ऑइल गळते. मूळ गिअर बॉक्स कुठे आहे, हे तो सांगत नाही आणि पूर्ण बिल व रोजचे पार्किंग भाडे भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असे म्हणतो. दुसरी चावी माझ्याकडे आहे. गाडी सरळ घेऊन यावी का?

उत्तर : चावी कृपया वापरू नका. गाडी आपलीच असली तरी दुरुस्तीसाठी कारागिराच्या ताब्यात दिलेली वस्तू त्याच्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत रोखून ठेवण्याचा अधिकार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने त्याला दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत आपल्या प्रसंगाशी जुळणारे एक आहे : दुरुस्तीचे पैसे देणे बाकी असताना घड्याळजीने कायदेशीरपणे रोखलेले स्वतःचेच घड्याळ मालकाने, घड्याळजीचे तारण हिरावण्याच्या हेतूने, उचलून नेले तर ती चोरी ठरते. आज आपली बाजू भक्कम आहे. चावी फिरवली तर तक्रारदार गॅरेजमालक होईल.

मात्र त्याचा हा अधिकार त्याला वाटतो तेवढा मोठा नाही. कलम १७० चे संरक्षण ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरते आहे. जे काम आपण सांगितलेच नाही, त्याच्या बिलासाठी गाडी अडवता येत नाही. स्वतःच्या येणे रकमेपोटी गाडी रोखून वर तिच्या जागेचे भाडे मागणे, हेही तसा करार झालेला नसेल तर मला मान्य होण्यासारखे वाटत नाही. तरीही गाडी लवकर हाती यावी असे वाटत असेल, तर व्यवहार्य मार्ग म्हणजे रक्कम बँकेमार्फत भरणे आणि त्याआधी ‘ही रक्कम केवळ गाडी सोडवण्यासाठी, हरकत राखून भरत आहे’ असे लेखी कळवणे. तसे न कळवता पैसे भरले, तर आपण बिल मान्य केले होते असा बचाव पुढे हमखास येतो.

माझ्या दृष्टीने या प्रकरणात पैशांपेक्षा मूळ गिअर बॉक्स महत्त्वाचा आहे. तो आपल्या मालकीचा आहे आणि ‘भंगारात गेला’ या एका वाक्याने ती मालकी संपत नाही. त्या पेटीच्या हाउसिंगवर ठोकलेली कोड-अक्षरे व आकडे जुन्या बिलात किंवा एखाद्या छायाचित्रात सापडतात का, ते आजच पाहा, कारण ‘हीच ती पेटी’ हे त्यावरूनच सिद्ध करता येईल. पोचपावतीसह पाठवायच्या नोटिशीत पहिली मागणी मूळ पेटी, तिचे सुटे केलेले सर्व भाग धरून, परत करण्याची असावी. त्याचबरोबर, बसवलेली पेटी त्याने काढून नेण्यास आपली तयारी असल्याचेही स्पष्ट लिहा. दोन्ही पेट्या ठेवून काहीच द्यायचे नाही, ही भूमिका टिकणार नाही. दुसऱ्याने फुकट देण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ जो घेतो, त्याने भरपाई द्यावी, असे करार कायद्याचे कलम ७० सांगते.

नोंदणीबद्दल आपण विचारलेले नाही, पण मला त्याची काळजी वाटते. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज वाहन पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते, आणि चासी, बॉडी शेल वा इंजिनातील फेरबदल हा मोठा बदल धरला जातो. गिअर बॉक्सचा त्यात नावाने उल्लेख नाही. त्यामुळे त्याच जातीची पेटी बसवल्याने नोंदणी धोक्यात येईल असे मला वाटत नाही. परंतु या व्हॅनची गिअर पेटी उतरवायची तर आधी इंजिन खाली घ्यावे लागते. ते पुन्हा चढवताना आपलेच चढले का, हे जनरेटरच्या स्टँडखाली ठोकलेला क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहा आणि त्याचे छायाचित्र गॅरेजच्या आवारातच घ्या.

नोटिशीला दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करा. आपण राहता तेथील आयोगाकडेही ती करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. व्हॅन आपण चित्रीकरणाला किंवा लग्नाला भाड्याने देत असाल, तर मला आधी सांगा. व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, असा आक्षेप येईलच, शिवाय व्हिंटेज नोंदणीच्या वाहनाला तसा वापर वर्ज्य आहे.

तक्रारीचा कणा तज्ज्ञाचा अहवाल असेल. गाडी हाती आल्यावर ती दुसरीकडे लगेच उघडू नका. उघडलेल्या पेटीतील दोष कोणाचा, हा वाद मग कधीच मिटत नाही. ज्याचा या व्यवहाराशी संबंध नाही अशा जाणकार मेकॅनिककडून चाचणी करून घ्या. गळती कोणत्या सीलमधून आहे, आवाज कोणत्या गिअरला व किती वेगाला येतो आणि पेटीत कोणत्या दर्जाचे ऑइल भरले आहे, हे त्याने लेखी द्यावे. ऑइलचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. जीएल-४ दर्जाच्या ऑइलसाठी बनलेल्या अशा जुन्या पेटीत जीएल-५ दर्जाचे भरले असेल, तर त्यातील रसायनांनी पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात आणि निष्काळजीपणाचा तो स्वतंत्र पुरावा ठरेल. गॅरेजमालक हे मान्य करणार नसेल, तर आयोगाला तज्ज्ञाकडून तपासणी करवून घेण्याचा अधिकार आहे. अंतरिम आदेशाचाही आहे, म्हणून मूळ गिअर बॉक्स विकू वा मोडू नये असा आदेश तक्रारीसोबतच, वेगळ्या अर्जाने मागा.