कौन्सिलचे घर : नावावर करताना, सोडताना

कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. उत्तरे इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या ‘सिक्युअर’ (ज्यांच्या भाडेहक्काला कायद्याचे पक्के संरक्षण आहे अशा) भाडेकरूंसाठी आहेत. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून निराळा कायदा आहे, स्कॉटलंडचा तर आधीपासूनच वेगळा. हाउसिंग असोसिएशनच्या (ना-नफा गृहसंस्थांच्या) घरांनाही यातले सगळे जसेच्या तसे लागू पडत नाही.

प्रश्न : करारावर माझे आणि पतीचे, दोघांचे नाव आहे. ते घर सोडून गेले आहेत आणि ‘नोटीस देऊन टाकीन’ म्हणून धमकावतात. मुले ९ आणि १२ वर्षांची आहेत. माझ्या सहीशिवाय ते घर घालवू शकतात का?

उत्तर : घालवू शकतात, म्हणूनच हे पत्र सर्वांत आधी घेतले. मुदत न ठरवलेला, आठवड्या-आठवड्याने पुढे चालणारा संयुक्त करार दोघांची इच्छा असेतोवरच चालतो. एकाने रीतसर लेखी नोटीस दिली की सबंध करार संपतो, नुसता त्याचा वाटा नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय) १९९१ मध्ये लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या एका खटल्यात हे सांगितले आणि सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. नोटीस लागू पडण्यासाठी तुमची संमती लागत नाही. एकदा ती कौन्सिलच्या हाती पडली की मागेही घेता येत नाही. मुदत संपल्यावर तर कोर्टालाही काही करता येत नाही, कारण जो करार उरलाच नाही तो तुमच्या नावावर कसा करणार?

तेव्हा आजच हालचाल करा. पतीच्या वकिलाकडून, वकील नसेल तर पतीकडून, ‘नोटीस देणार नाही’ अशी लेखी हमी मागा. मिळत नसेल तर फॅमिली कोर्टात तातडीने मनाई हुकमाचा अर्ज करा. हमी किंवा हुकूम हातात आला की त्याच दिवशी त्याची प्रत कौन्सिलच्या टेनन्सी विभागाला ईमेल करा. ती फाइलला लागलेली असणे फार मोलाचे. मग करार एकट्या तुमच्या नावावर करण्याचा अर्ज घाला : घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच, नाहीतर १९९६ च्या फॅमिली लॉ ॲक्टखाली. कोर्ट मुलांची गरज, दोघांची मिळकत आणि कोणाला दुसरे घर मिळू शकेल हे पाहते. मारहाण किंवा छळ होत असेल तर वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा. लीगल एड (वकिलाच्या खर्चाला सरकारी मदत) मिळण्याची वाट त्यातून निघते.

पती राजीखुशीने नाव सोडायला तयार असतील तरी सावध राहा. ‘नाव काढण्याचा फॉर्म’ म्हणून कौन्सिल जो कागद पुढे करते, तो पुष्कळदा करार संपवण्याची नोटीसच असते आणि नवा करार नंतर देऊ असे नुसते तोंडी आश्वासन असते. नवा करार कोणाला आणि कोणत्या तारखेपासून, हे लेखी आल्याशिवाय त्यावर कोणीही सही करू नये. दोघांनी सह्या करून डीडने (रीतसर हस्तांतरपत्राने) करार तुमच्या नावे करणे हा अधिक भक्कम मार्ग. ते तुमचे मुख्य घर आहे आणि तुम्ही पत्नी आहात, म्हणून असे हस्तांतर कायद्यात बसते.

नोटीस आधीच गेली असेल तर तिची प्रत मागवा आणि तारखा मोजा. मुदत चार आठवड्यांपेक्षा कमी असेल, तर कौन्सिलने ती आनंदाने स्वीकारली असली तरी तुमचा करार तिने संपत नाही. असे निकाल आहेत आणि त्यावर घरे वाचली आहेत.

प्रश्न : घर १९९८ पासून आई-वडिलांच्या संयुक्त नावावर होते. वडील २०१९ मध्ये गेले, आई गेल्या महिन्यात. मी आठ वर्षे तिथेच राहतो. ‘तुम्हाला वारसा नाही’ असे पत्र आले आहे. जुन्या कराराला १२ महिन्यांचा नियम लागू नाही का?

उत्तर : करार १ एप्रिल २०१२ पूर्वीचा असेल तर मृत्यूआधी १२ महिने सोबत राहिलेल्या मुलाला तो मिळू शकतो, हे बरोबर आहे. त्या तारखेनंतरच्या करारात हा हक्क पती, पत्नी किंवा जोडीदारापुरताच उरला. इतरांना करारात तसे लिहिले असेल तरच. तुमची अडचण वेगळी आहे. कायदा वारसा एकदाच देतो. वडील गेल्यावर संयुक्त करार आईच्या एकटीच्या नावावर आला, तोच वारसा धरला जातो. त्यामुळे कौन्सिलचे पत्र कायद्याला धरून आहे.

तरी लगेच चावी देऊ नका. बऱ्याच कौन्सिलांच्या धोरणात अशा माणसाला स्वेच्छेने तेच किंवा लहान घर देण्याची तरतूद असते. ती लेखी मागा. आईची सेवा, आजारपण, नोकरी, मुलांची शाळा, जे असेल ते पुराव्यासह मांडा. मोठ्या घरात एकटे असाल तर ‘एक बेडरूमचे चालेल’ असे आपण होऊन लिहिल्याने बोलणी सोपी होतात. आई गेली म्हणून करार आपोआप संपत नाही; मृत्युपत्र नसेल तर कौन्सिलला पब्लिक ट्रस्टीवर (अशा वेळी मालमत्ता ज्याच्याकडे जाते तो सरकारी अधिकारी) नोटीस बजवावी लागते आणि तुम्हाला बाहेर काढायला कोर्टाचा आदेश लागतो. आईची थकबाकी तिच्या मालमत्तेतून फिटते, तुमच्या खिशातून नाही. मात्र तुम्ही राहता त्या दिवसांचे पैसे ‘वापराचे शुल्क’ म्हणून नियमित भरा. आईचा हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत) तिच्याबरोबर थांबला, हे पुष्कळांना दोन महिन्यांनी बिल आल्यावर कळते.

राहत असल्याचा पुरावा म्हणून मतदार यादी, जीपीकडची (फॅमिली डॉक्टरकडची) नोंद, बँकेची पत्रे, पगाराच्या स्लिपा जोडा. त्याआधी कौन्सिल टॅक्सचे (घरपट्टीचे) बिल मात्र नीट बघा. आई ‘एकटी राहते’ म्हणून २५ टक्के सूट घेतली असेल तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो. तसे असल्यास ते लपवू नका. दुरुस्ती कळवा, फरक भरायची तयारी दाखवा आणि मगच अर्ज करा.

प्रश्न : दुसऱ्या शहरातल्या भाडेकरूशी घर अदलाबदल करायची आहे. किती वेळ लागतो?

उत्तर : दोन्ही घरमालकांची लेखी संमती लागते. अर्ज मिळाल्यापासून ४२ दिवसांत कौन्सिलने उत्तर द्यायचे असते आणि नकाराची कारणे कायद्यात ठरलेली आहेत. थकबाकी असेल तर ‘आधी फेडा’ अशी अट घालता येते. संमतीआधी सामान हलवू नका. अदलाबदलीसाठी पैसे देऊ-घेऊ नका, त्यावरून घर जाऊ शकते. घर आहे तसेच मिळते : समोरच्याने पाडलेली भिंत, बदललेले स्वयंपाकघर, सगळे तुमच्या गळ्यात. म्हणून दिवसाउजेडी जाऊन कपाटामागची ओलसुद्धा बघा. सुरुवातीच्या १२ महिन्यांच्या ‘इंट्रोडक्टरी’ करारावर हा हक्क नसतो.

प्रश्न : सासूबाईंच्या आजारपणामुळे आठ महिने पुण्याला जायचे आहे. घरी भाच्याला ठेवू का?

उत्तर : जाण्याआधी कौन्सिलला कारण, परतीची तारीख आणि घरी कोण राहणार ते लेखी कळवा, उत्तर जपून ठेवा. सामान इथेच असू द्या, भाडे वेळेवर जाऊ द्या. भाच्याकडून भाडे घेऊन सगळे घर त्याच्या ताब्यात दिले तर सिक्युअर दर्जा जातो आणि परत मिळत नाही. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे, अप्रामाणिकपणा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. हाउसिंग बेनिफिट परदेशी असताना साधारणपणे चार आठवडेच चालतो, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी मिळकतीवरचा सरकारी भत्ता) एक महिना.

प्रश्न : स्वतःचे घर घेतले. कौन्सिलचे घर सोडायची नोटीस कशी द्यावी?

उत्तर : लेखी आणि निदान चार आठवड्यांची. करार आठवड्याचा असेल तर नोटीस त्या आठवड्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी संपली पाहिजे, करारात वेगळे लिहिले नसेल तर. समजा आठवडा सोमवारी सुरू होतो. सोमवार २ जूनला नोटीस पोचली तर सोमवार ३० जूनला सुटका. बुधवार ४ जूनला पोचली तर ७ जुलै. दोन दिवसांच्या उशिरापायी एका आठवड्याचे भाडे जाते. सोमवारी चावी सहसा दुपारी १२ च्या आत मागतात.

नव्या घराची तारीख पक्की होण्याआधी मात्र नोटीस देऊ नका. निघताना माळा आणि शेड रिकामे करा, स्वतः लावलेले लॅमिनेट फ्लोअरिंग काढायचे की ठेवायचे ते आधी विचारा. मागे राहिलेल्या सामानाची उचल आणि दुरुस्ती तुमच्या नावावर लागते. गॅस-विजेच्या मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीचे फोटो शेवटच्या दिवशीच घ्या. मुख्य दाराचे फॉब (इलेक्ट्रॉनिक चाव्या), पत्रपेटीची चावी, खिडक्यांच्या चाव्या, सगळे एका पाकिटात घाला आणि काउंटरवर तारीख-वेळेची पावती मागून घ्या.